काचेवरचा गुलाबी ठिपका

४ नोव्हेंबर, पुसद
नागपूरच्या मत्स्यालयवाल्या पूनमसिंगने पाठवलेला दगड आज पोहोचला. ओल्या कागदात गुंडाळलेला, मुठीएवढा. अर्धा जांभळा, अर्धा गुलाबी! हा रंग म्हणजे दगडावर वाढणारं शेवाळ, पण हात लावला तर कडक. माझी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आठ महिन्यांची झाली, तरी आतले दगड पांढरेफटक. या एकाचा रंग बाकीच्यांना लागेल का?
माय बघून म्हणाली, "दगड कुरियरनं मागवते का कोणी?"

१९ नोव्हेंबर
काही नाही.

२ डिसेंबर
पाणी तपासलं. कॅल्शियम ३४०, हवं चारशेच्या वर. पूनमसिंग फोनवर म्हणाला, "मॅडम, हे शेवाळ स्वतःचं घर चुन्यानं बांधते. चुनाच कमी पडला तं कायचं बांधीन?" शिवाय लाईट फार प्रखर आहे म्हणे. कमी केला. अकरावीला जीवशास्त्र शिकवते मी, पण उजेड कमी केल्यावर वाढणाऱ्या शेवाळाची कधी कल्पना केली नव्हती.

२१ डिसेंबर
पुढच्या काचेवर एक ठिपका. मसुरीच्या डाळीएवढा, गुलाबी. कॉलेजला जाईपर्यंत चारदा पाहिला.

२८ डिसेंबर
ठिपका नाही. मायने काच घासली — आतून, कोपरापर्यंत हात घालून.
"डाग होता, काढला. साबण नाही लावला बाप्पा," म्हणाली.
मी फार बोलले. "तुले समजत नाही तं हात काहून लावते?" हेही बोलले. ती घासणी घेऊन आत गेली.

५ जानेवारी
माय टाकीच्या खोलीत येत नाही. जेवणही स्वयंपाकघरातच. मी दोनदा बोलायला गेले आणि भाजीचं विचारून परत आले.

१७ जानेवारी
मागच्या काचेवर, पंपावर, तीन पांढऱ्या दगडांवर — ठिपकेच ठिपके! मोजायला घेतले, चाळीसनंतर सोडून दिले. पूनमसिंगला विचारलं, असं अचानक कसं? तो हसला. "कोणी खरवडलं काय? खरवडलं का त्याचे कण पाण्यात पसरतात, जिथं बसले तिथं वाढतात. आम्ही मुद्दाम खरवडतो."
मायला हात धरून टाकीपाशी आणलं. म्हटलं, तुझ्यामुळं झालं हे, माझं चुकलं. ती काचेला नाक लावून उभी राहिली.
"कुठं हाय गुलाबी?"
मी बोट ठेवून दाखवलं.
"हे? हे तं मातकट हाय. तवाही मातीचाच डाग होता, म्हणून तं घासला."
थट्टा करते असं वाटलं. कपाटातून माझी जांभळी ओढणी आणून समोर धरली. तिनं आधी बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "कत्थी हाय नं, काताच्या रंगाची?"

२० जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मोतीबिंदू — दोन्ही डोळ्यांत, बराच जुना. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. रिक्षात विचारलं, माय, कधीपासून?
"तुलेच नीट पाह्यल्याले तीन दिवाळ्या झाल्या," ती म्हणाली. "आवाजावरून समजते नं."