व्हर्जन चार बंद पडत नाही

सोम. ६ जाने.
आजपासून तुलना. आमच्या रेल्वे सिम्युलेटरचं व्हर्जन चार आणि व्हर्जन पाच. तोच घाट, तीच भरलेली मालगाडी. कुठलं किती वेळा बंद पडतं, कशात काय चुकतं ते लिहायचं. पाच सकाळपासून तीनदा बंद पडलं. चार एकदाही नाही. रेल्वेचे ट्रेनिंग सेंटरवाले पाचला शिव्या घालतायत, त्यांना चार परत हवंय. मॅनेजर निनाद म्हणाला, "वैदेही, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट. स्टेबल कुठलं एवढंच सांग. प्रबंध नको."
खराडीच्या ऑफिसातून विश्रांतवाडीला घरी पोचायला आज तास लागला. संदीप ड्यूटीवर. असिस्टंट ड्रायव्हर म्हणून नवऱ्याच्या या शेवटच्या फेऱ्या, पुढच्या आठवड्यात मालगाडी स्वतःच्या हाती. सासूबाईंनी पेढे आत्तापासूनच सांगून ठेवलेत.

बुध. ८
विचित्र प्रकार. उतारावर ब्रेक लावला, सोडला, लगेच पुन्हा लावला. चारमध्ये दोन्ही वेळा वेग सारखाच उतरला. पाचमध्ये दुसऱ्यांदा गाडी जेमतेम अडली, मग पळतच सुटली. मी खूश. सापडला एकदाचा पाचचा बग! तौसिफकडे गेले, ब्रेकचा भाग त्याने लिहिलाय. तो हसला नाही.
"बग चारमध्ये आहे. ब्रेक हवेवर चालतो. सोडला की पाइपात हवा परत भरायला वेळ लागतो. त्याआधी लावलास तर पूर्ण लागत नाही. चारमध्ये हवा क्षणात भरते, खोटं आहे ते. पाचमध्ये मी खरं केलं. तो हिशेब जड आहे, म्हणून तर बंद पडतंय."
"चारवर शिकलं कोण कोण?"
"मागच्या सगळ्या बॅचेस."
संदीप चारवर शिकला. बॅचमध्ये पहिला आला होता, मीच मिरवत होते, नवऱ्याला आमचं सॉफ्टवेअर बरोबर कळलंय म्हणून.

गुरु. ९
संदीप घरी. सहज विचारल्यासारखं विचारलं, उतारावर ब्रेक सोडल्यावर पुन्हा लावायला किती थांबतोस?
"तोंडी परीक्षा का मॅडम?"
"सांग ना."
"हवा भरेपर्यंत. पुस्तकात आहे." पोळी मोडता मोडता बोलला. पुस्तकात आहे हे मलाही माहीत आहे. हाताला माहीत आहे का? तसं म्हटलं तर उखडला. "वैदेही, इतकी वर्षं इंजिनात बसतोय मी. तुझ्या खेळण्यावर नाही शिकलो सगळं."
बसतोय, खरंय. पण ब्रेक दुसऱ्याच्या हातात होता. मग सीनियर शेजारी बसवून घाटात चालवलेल्या फेऱ्यांचं विचारलं. तेव्हा घाईने दुसऱ्यांदा ब्रेक लावायची वेळ कधी आलीच नाही म्हणाला. छान.
सासूबाई ताट उचलताना म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातली गाडी बंद पडली की तुम्ही चहाला जाता. जेवताना असलं अभद्र बोलू नये." भीती वाटते म्हणून सांगायचं तरी कुणाला?

शुक्र. १०
पाच पॉइंट एक आलं. दिवसभर पिटाळलं, एकदाही बंद पडलं नाही. इतकं बरं वाटलं की तौसिफला चहा पाजला. मग तोच प्रयोग. ब्रेक सोडला, लगेच लावला. वेग छान उतरला. अगदी चारसारखा.
हवेचा हिशेबच काढून टाकलाय! तौसिफलाही पत्ता नव्हता. तशीच निनादच्या केबिनमध्ये.
"तात्पुरतं आहे गं. त्यांना सोमवारी चालणारं व्हर्जन हवंय."
"चालणारं की खरं?"
"रेल्वे काय फक्त आपल्याच भरवशावर चालते का? आधी बंद पडायचं थांबू दे, मग खऱ्याखोट्याचं बघू."
रिपोर्टात लिहिलं: पाच पॉइंट एक स्टेबल आहे आणि धोक्याचं आहे. शिकवायला देऊ नये. चारवर शिकलेल्या सगळ्यांना पाचवर पुन्हा बसवावं. निनाद म्हणाला, 'स्टेबल आहे' इथपर्यंत ठेव, बाकीचं काढ. काढलं नाही. ट्रेनिंग सेंटरलाही थेट पाठवला. आता नोकरीचीही धास्ती.

रवि. १२
संदीपला ऑफिसात नेलं. रविवारी लॅब रिकामी, तौसिफने येऊन उघडून दिली. संदीप वाटभर फुगलेला. "लोक बायकोला सिनेमाला नेतात."
पाचवर बसवलं, पाच पॉइंट एकवर नाही. हवेचा विषय काढलाच नाही. काढला असता तर त्याने पुस्तकातलं करून दाखवलं असतं.
सुरुवात सुरेख. हात किती हलका आहे त्याचा. वळणानंतर त्याने ब्रेक सोडला आणि मी पुढचा सिग्नल लाल केला. त्याने ब्रेक लावला. लगेच. विचारसुद्धा न करता. वेग उतरेना. मग चढायला लागला. संदीपने हँडल पार शेवटपर्यंत नेलं, खुर्चीत पुढे सरकला. असा चेहरा लग्नापासून कधी पाहिला नव्हता. सिग्नल जवळ येत होता, आणि
स्क्रीन थिजला. पाच बंद पडलं.
त्याचा हात हँडलवरच होता. मग हसायला गेला. "तुमचं व्हर्जन पडलं, मी नाही." हसू काही आलं नाही त्याला.
येताना स्कूटरवर मागून त्याला घट्ट धरलं. येरवड्याच्या पुढे आल्यावर म्हणाला, "परत एकदा बसव मला." कधी बसवू? उद्याची ड्यूटी लागली आहे.

सोम. १३
सकाळी गेला. स्वतःच्या हातातली पहिली मालगाडी, लोणावळ्याहून खाली. सासूबाईंनी हातावर दही घातलं. मी म्हटलं, रजा टाक.
"कारण काय लिहू? बायकोचं सॉफ्टवेअर बंद पडलं?"
बूट घालताना मात्र हळूच म्हणाला, "लक्षात आहे. थांबेन." आहेच लक्षात. पण पाचवर एकदा बसलाय, चारवर महिनाभर.
ट्रेनिंग सेंटरकडून उत्तर नाही. निनाद मान वर करून बघत नाही. पाच पॉइंट एक तिकडे पोचलंसुद्धा.
दुपारी तौसिफ जागेवर आला. पाचचं थिजणं त्याने दुरुस्त केलंय, हवेचा हिशेब तसाच ठेवून. दुसरं म्हणजे, काल चित्र थिजलं तरी हँडलची नोंद पुढे चालू होती. संदीपचा हात शेवटपर्यंत जे करत होता ते सगळं आहे. दुरुस्त व्हर्जनला ते दिलं की गाडी सिग्नलच्या आत थांबली असती की नाही, ते दिसेल.
"लावू?"
म्हटलं, ठेव. मी लावते.
तो गेला. स्क्रीनवर घाट आहे आणि वळणावर संदीपची गाडी. आता खरी गाडीही उतारावर असणार. सुरू करायचं बटण समोर आहे, मी ही वही काढून बसले आहे. थांबली तर ठीक. पण नाही थांबली तर कुणाला सांगू? इंजिनात फोन बंद ठेवतात.