मोझेलचं काचेचं भांडं

हार्लन्स फेरी, जॉर्जिया
सोमवार, ९ सप्टेंबर

प्रिय कॉर्डेल,

तू चर्चच्या कचेरीत फोन करून अर्लीनला विचारलंस म्हणे, की आता इथे राहण्यात बरं काय आणि वाईट काय. आईचं घर ठेवायचं की विकायचं हे तुला महिनाअखेर ठरवायचं आहे, हेही कळलं. अरे, एकतीस वर्षं टोलेडोत राहून विसरलास का, की इथे एकाला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं? अर्लीनने बुधवारच्या प्रार्थनेत तुझं नाव घेतलं. "मी फक्त तुम्ही प्रार्थना करावी म्हणून सांगतेय हं," असं म्हणून तिने घराची किंमत सांगितली, तुझा घटस्फोट सांगितला, तुझा दुखरा गुडघासुद्धा सोडला नाही. तेव्हा तू मला विचारलं नसलंस तरी उत्तर मी देते आहे. त्या घराच्या समोर मी सत्तेचाळीस वर्षं राहते. माझ्याइतकं ते घर दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

आधी बरं सांगते. पाटीवर आपण 'शहर' आहोत, पण चार सिग्नल आणि एक न्यायालय सोडलं तर शहरासारखं इथे काही नाही, आणि हेच बरं आहे. टोलेडोत तू एका खोलीचं जेवढं भाडं भरतोस, तेवढ्यात इथे तुझ्या आईच्या घराचा कर भरून वर वर्षभर कोळंबी खाशील. ती तरी विकत कशाला घ्यायची. खाडीवर जाणारं कोणी ना कोणी दारात पिशवी ठेवून जातंच. तुझी आई, मोझेल, आजारी पडली तेव्हा आठ महिने तिच्या अंगणातलं गवत कोणी कापलं, हे मला आजवर धड कळलेलं नाही, कारण रोज वेगळाच माणूस दिसायचा. आणि तिची शवगाडी निघाली तेव्हा हमरस्त्यावरच्या गाड्या कडेला थांबल्या, लाकडाच्या ओंडक्यांचा तो मोठा ट्रकसुद्धा. ड्रायव्हरने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तुमच्याकडे थांबतात का रे?

आता वाईट. उकाडा तुला आठवत असेलच, चिलटंही आठवत असतील. कागदाची गिरणी बंद पडली. तो कुजक्या अंड्यांचा वास गेला म्हणून आम्ही आठवडाभर खूश होतो, मग लक्षात आलं की वासाबरोबर पगारही गेले. छातीत कळ आली तर इस्पितळ बावन्न मैलांवर. तोवर देव आणि अर्लीन, दोघंही आधी पोचतात. आणि माणसं गोड बोलतात. हे वाईटात का घातलं, ते तुला सांगायला नको. "देव तिचं भलं करो बिचारीचं," असं कोणी म्हणालं की समजायचं, आता बिचारीची कातडी सोलणार. तुझ्या आईचं भलं इथे दोन वर्षं सतत चिंतलं गेलं. मागच्या खोलीत ती बायकांचे केस करायची, आठवतं? शनिवारी बायका पायऱ्यांवर बसून नंबर लावायच्या. तू गेल्यावर एक-एक करून त्या थांबल्या. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही. फक्त सगळ्यांच्या केसांना अचानक दुसऱ्या गावातली बाई आवडायला लागली. मी समोरच्या ओसरीवरून बघत होते. माझ्या एका शब्दाने ते थांबलं असतं. मरण पावलेल्या मुलाची आई मी. माझ्यापुढे कोण बोलणार होतं? तो शब्द मी बोलले नाही.

बघ, यादी करायला बसले आणि कुठे येऊन पोचले. आता पुढचंच लिहिते.

घराबद्दल तुला एक गोष्ट अर्लीन सांगणार नाही, कारण ती तिला माहीत नाही. तुझ्या आईच्या ओसरीवरचा झोपाळा साडेतीन वाजता हलतो. वारा असो नसो. साडेतीनची वेळ कुठली, ते तुला ठाऊक आहे. शाळेची बस डेपोत लावून मी चालत घरी यायची आणि तुम्ही दोघं त्या झोपाळ्यावर पसरलेले असायचात, तुझं ट्रम्पेट मध्ये, वेंडेलचे लांब पाय कठड्यावर. "मिस इमोजीन, आज एकही पोर खाडीत पडलं नाही वाटतं," असं तू रोज तेच विचारायचास आणि वेंडेल रोज तसाच हसायचा. त्याला माझा चहा कधी आवडला नाही. मोझेलच्या चहात साखर जास्त असायची.

वेंडेल गेल्यावर मी काय केलं, ते बहुतेक तुझ्या आईने तुला कळवलं असेल. इथे सगळ्यांच्या ओसरीचं छत निळं असतं. भुतांना ते पाणी वाटतं म्हणे, आणि ती ते ओलांडून आत येत नाहीत. मी शिडी लावली आणि माझं छत पांढरं केलं. मला माझं भूत हवं होतं. रस्त्यावरून जाणारे लोक वर बघायचे आणि नजर वळवायचे. मी रोज साडेतीनला बसून राहायची. तो आला नाही, कॉर्डेल. तो समोर गेला. मोझेलचं छत निळंच होतं, दर दोन-तीन वर्षांनी ती ते नव्याने रंगवायचीही, आणि तो खुशाल त्याच्याखाली जाऊन बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, डोळे गेले माझे. मग एक दिवस मोझेल आतून दोन पेले घेऊन आली. एक स्वतः घेतला, दुसरा झोपाळ्याशेजारच्या तिवईवर ठेवला आणि शेंगा सोलत बसली. मी इकडे, ती तिकडे, मध्ये रस्ता. माझ्या पोराला माझ्या घरात यावंसं का वाटत नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कळलं होतं हे कबूल करायला मात्र तीस वर्षं लागली.

मोझेलच्या त्या काचेच्या भांड्याबद्दलही सांगायचं आहे. वेंडेलच्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, दुखवट्याच्या रीतीने, माझ्या घरात एकवीस भांडी आली. भाजलेली कोंबडी, शेंगा, पुडिंग, सगळं. प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. तू पोलिसांच्या कोठडीत होतास आणि तुझी आई स्वतः मॅकरोनीचं गरम भांडं दोन फडक्यांत धरून रस्ता ओलांडून आली. ओसरीवर बायका बसल्या होत्या. ती म्हणाली, "इमोजीन, पोटात काहीतरी जाऊ दे." एवढंच म्हणाली आणि परत गेली. महिनाभरात मी वीस भांडी परत केली. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा कोणाला केक, कोणाला पीच, असं भरून दिलं. मोझेलचं तेवढं ठेवून घेतलं. गावाने त्याचा अर्थ लावला, की इमोजीनने माफ केलेलं नाही. लोक मला म्हणायचे, "तुझ्या जागी आम्ही असतो तर ते फोडलं असतं." तुझ्या आईने ते कधी मागितलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर भेटलो तर ती मान हलवायची, मीही हलवायची. दर नाताळात मी ते भांडं कपाटातून काढून धुवायची आणि परत ठेवायची. पट्टीवरचं 'एम. प्रुइट' फिकं झालं, पण वाचता येतं.

मी ते परत का केलं नाही, ते आता ऐक. माफ न करण्याचा प्रश्नच नव्हता. खाई त्याला खवखवे.

दफनाच्या आदल्या दिवशी मी वेंडेलला टाय बांधायला गेले होते. मयताचं सगळं अंत्यविधीवाली माणसं नीट करतात, पण टाय त्याला माझ्याच हातचा लागायचा. सदऱ्याचं वरचं बटण लावायला घेतलं आणि सदरा छातीवरून जरा सरकला. डाव्या खांद्यापासून खाली उजव्या कमरेकडे जाणारा काळानिळा पट्टा होता, माझ्या चार बोटांइतका रुंद. मी तोवर अकरा वर्षं बस चालवली होती. इथे चालवणारा डावीकडे बसतो, त्याचा सीटबेल्टचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि शेजारच्याचा उजव्या, हे मला कोणी शिकवायला नको. मोझेलची गाडी पुलाच्या कठड्यावरून खाडीत गेली तेव्हा स्टिअरिंगवर माझा मुलगा होता. तू त्याला सोडवून काठावर आणलंस आणि पोलीस आल्यावर सांगितलंस, की मी चालवत होतो, दारूही मीच प्यायलो होतो.

मी बटण लावलं. टाय बांधला. बाहेर येऊन कोणाला काही बोलले नाही.

तुला अठरा महिन्यांची कैद झाली. कॉलेजच्या बँडमधली तुझी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. शिक्षा झाली त्या दिवशी न्यायालयात तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, हा आता खरं सांगणार, आणि मी मान दुसरीकडे वळवली. तू मात्र वकिलाला काही बोलला नाहीस. अठरा वर्षांचा होतास. मेलेल्या मित्राला आईपुढे दारुडा ठरू द्यायचं नाही, एवढंच तुला कळत होतं. आणि मी पंचेचाळीस वर्षांची बाई, मी ते तुला करू दिलं. वेंडेलही शाळेच्या बँडमध्ये होता, म्हणून शाळेने त्याच्या नावाने दरवर्षी एका वादकाला चषक द्यायला सुरुवात केली. तो मी माझ्या हाताने देत आले, तीस वेळा. दरवेळी टाळ्या व्हायच्या आणि समोर कुठेतरी तुझी आई बसलेली असायची, तीही टाळ्या वाजवायची. तिला माहीत होतं का? तू सांगितलं नसशील. पण त्या दुसऱ्या पेल्याकडे पाहिलं की मला वाटतं, तिला सगळं माहीत होतं.

मे महिन्यात मोझेलच्या दफनाला मी शेवटच्या बाकावर होते. तू आईच्या शवपेटीमागून चालत बाहेर आलास, केस पांढरे झालेले, दुखरा पाय ओढत. माझ्याजवळ आलास आणि नजर खाली घातलीस. मी खाली घालायची ती नजर तू घातलीस, कॉर्डेल. त्या दिवसापासून मला झोप नाही. घर रिकामं, चहा ठेवायला कोणी नाही, आणि झोपाळा तरी परवापर्यंत साडेतीनला हलतच होता. एकटाच बसून असायचा तो. वाट बघत असायचा, पण कोणाची ते मला कळत नव्हतं.

तर हे पत्र कशासाठी, ते. काल रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उठले. नेहमी मी गुडघ्यांबद्दल देवाचे आभार मानते, म्हणून सगळे आधीच 'आमेन' म्हणायच्या तयारीत होते. मी म्हणाले, गाडी माझा वेंडेल चालवत होता. पट्ट्याचं सांगितलं. किती वर्षं माहीत आहे तेही सांगितलं. चषकावर नाव ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा म्हणाले. आमेन कोणी म्हटलं नाही. अर्लीनच्या हातातला पंखा थांबलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आज दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझ्या डोळ्यांत न बघता सुटे पैसे दिले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "देव तिचं भलं करो." म्हणजे तुझ्या आईच्या वाट्याचं आता माझ्याकडे आलं, आणि ते यायलाच हवं होतं. तू उतरशील तेव्हा तुला काही समजावून सांगावं लागणार नाही. पेट्रोल पंपावरच्या माणसालाही माहीत असेल. लहान गावात राहण्याचा एवढा एक उपयोग मी शेवटी करून घेतला.

माफी मागण्याचं माझं तोंड नाही, म्हणून मागत नाही. घर विकलंस तरी तो तुझा हक्क आहे. पण काल दुपारचं सांगून थांबते. साडेतीनला मी ओसरीवर बसले होते. झोपाळा हलला नाही. मी उठून कठड्याशी जाऊन पाहिलं, तरी नाही. आणि मग माझ्या पायऱ्यांमधली ती तिसरी फळी वाजली, जी कोणी पाय दिल्याशिवाय वाजत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. शेजारची खुर्ची सरकवून जागा केली आणि कडू तर कडू, पण चहा ओतला.

समोरच्या झोपाळ्यावरची जागा आता रिकामी आहे. मोझेलचं भांडं मी धुऊन, पुसून टेबलावर ठेवलं आहे; ते पोस्टाने पाठवणार नाही. तू येशील त्या दिवशी सकाळी मॅकरोनी करीन आणि ते भरून, दोन फडक्यांत धरून, रस्ता ओलांडून मी येईन.

तुझीच, समोरच्या घरातली,
मिस इमोजीन