पंखांच्या टोकांचा पीळ

सर, काल तुमच्या घरी जाऊन आलो. तिथं जे बोललो ते गळ्याखाली उतरत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. सावरीच्या हलक्या लाकडाचं ते ग्लायडर तुम्ही महिनाभर खपून केलं होतं. शाळेचं छप्पर गळायचं, म्हणून प्रदर्शनाआधी दोन दिवस त्याचे पंख माझ्याकडे ठेवायला दिलेत. सुताराच्या पोराकडे लाकूड नीट राहील, म्हणालात. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी बघतो तर दोन्ही टोकांची मागची कड किंचित वर वळलेली. वाटलं, ओलीनं लाकूड वाकलं. आमच्या घरात वाकडं लाकूड कुणाला बघवत नाही. मी टोकं चुलीच्या धगीवर धरून, दाबून सरळ केली, वर हौसेनं घासून निमुळतीही केली. म्हटलं, सर खूश होतील.

प्रदर्शन बघायला येणारे शिक्षण खात्याचे साहेब वेळेआधी आले आणि तुम्ही घाईघाईनं पंख बसवलेत. कळमनुरीच्या शाळेमागचा माळ. तुम्ही उतारावरून ग्लायडर सोडता, ते झकास तरंगतं, पोरं ओरडतात. मग नाक वर उचललं जातं, वेग मरतो आणि डावं टोक एकदम खाली पडतं. गरगरत ते खाली बसलेल्या मुलींवर येतं. चौथीतल्या एकीच्या भुवईला टाके पडले. बोटभर खाली लागतं तर डोळा जाता. मला रडताना बघून तुम्ही म्हणालात, "तू काहून रडून राहिला? तुझं काय चुकलं?" टोकं मी सरळ केली, हे तेव्हाही सांगितलं नाही. माफीनामा तुम्ही लिहून दिलात आणि पुन्हा कधी ग्लायडरला हात लावला नाहीत.

आज ग्लायडरचे पंख तपासण्यावरच माझं पोट आहे. टोकांची मागची कड मुद्दाम तशी वर वळवून पीळ दिला असला की वेग कमी झाल्यावर आधी पंखाच्या मुळाशी उचल संपते. टोकं धरून राहतात, ग्लायडर नुसतं नाक खाली घालतं आणि सावरतं. पीळ काढला, टोक निमुळतं केलं, की आधी टोकच दगा देतं. नव्या लोकांना हे मीच शिकवतो.

काल काकूंनी चहा पुढे केला आणि विचारलं, "शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्याकडून पीळ कमी पडला. तू तर आता यातलाच हैस. खरंच त्यायची चूक व्हती का रे?"

"न्हाई काकू. वारं फिरलं आसंल."

"वाऱ्याला पुरंल येवढा पीळ द्याया पायजे व्हता, आसंच तर म्हणायचे."

मी चहा संपवून उठलो. खरं तर हे त्यांना वाचून दाखवायला हवं, सर. घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. सकाळपासून दोनदा दारापर्यंत गेलो आणि चप्पल न घालताच परत येऊन बसलो.