रवळनाथाच्या नावाचं खातं

सोमवार, ६ एप्रिल २००९
आजपासून कंप्युटरचा कारभार माझ्याकडे. बचत गटातल्या आम्हा सहा जणींच्या घरच्या खोल्या पर्यटकांसाठी आता वेबसाइटवर. वेबसाइट पुण्याच्या कंपनीच्या मशीनवर, कंप्युटर आमच्या पडवीत, जबाबदारी माझी. मॅट्रिकचं गणित अखेर कामाला आलं.
कोणाला किती अधिकार तेही मीच ठरवायचं. ‘मालक’ पाहुण्यांना होकार देतो. ‘बघणारा’ नुसतं बघतो. मधला एक ‘व्यवस्थापक’ असतो, पण त्याचे पैसे वेगळे. नको.

मंगळवार, ७ एप्रिल
मालक कोण? मी झाले तर धाकटी जाऊ विनीता म्हणणार, वयनीने गादी बळकावली. विनीताला करायचं म्हटलं तर... तो विषयच नको.
पूजेच्या वेळी सुचलं. वाडीतली माडाची भाटं, म्हणजे बागा, देवाच्या नावावर, आपण नुसती कुळं. मग इथे वेगळं का? मालक श्री देव रवळनाथ. बटण दाबायला देव येणार नाही, ते मी दाबेन. बाकी सगळ्या ‘बघणाऱ्या’. मी स्वतःही. अहंकार नको.

गुरुवार, ९ एप्रिल
हनुमान जयंती. विनीता आली होती. माका निदान होकार देवचो हक्क तरी द्येवा, म्हणत होती. उद्या तुमका ताप इलो तर? मी म्हटलं, देवाला ताप येत नाही. चहा अर्धा टाकून गेली. पटलं असावं.

सोमवार, २० एप्रिल
विनीता मागे उभी राहून माझ्या बोटांकडे बघत होती. ती जाताच रवळनाथाचा पासवर्ड बदलला. कुठे लिहिला नाही. लिहिलेलं फुटतं. मनात ठेवलेलं देवाजवळ.

सोमवार, २७ एप्रिल
अक्षय्यतृतीया. आणि काय योग! कोल्हापूरच्या शिक्षकांची बस, सहाही घरं हवीत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकार द्या, नाहीतर मागणी आपोआप रद्द, असं पडद्यावर लिहिलंय. एवढा मे गेला की पाऊस, मग दिवाळीपर्यंत इकडे कोण फिरकतो? गटातल्या नर्मदाने तर नुसत्या वेबसाइटच्या भरवशावर न्हाणीघराला फरशी घातलीय.
सगळ्यांना सांगून आले, समजा झालंच.

त्याच दिवशी, दुपारी
पासवर्ड लागत नाही. आधीचाही लागला नाही. त्याच्या आधीचाही नाही. आता लाल अक्षरं आली, खातं बंद. कंपनीच्या मशीनचा दोष असणार. पुण्यात उन्हाळा कडक आहे.

मंगळवार, २८ एप्रिल
कंपनीला फोन. आरोही नावाची मुलगी, बोलायला गोड. म्हणाली, काळजी करू नका मॅडम, मालकांना फोनवर द्या, मी खात्री करून लगेच उघडते.
मी म्हटलं, ते फोनवर येत नाहीत.
बाहेरगावी आहेत का? म्हटलं, नाही, इथेच असतात. सगळीकडेच असतात.
मग म्हणाली, पॅन कार्डची प्रत फॅक्स करा, फोटो स्पष्ट दिसायला हवा.
गटात कोणाला सांगितलं नाही. उगाच घाबरतील.

बुधवार, २९ एप्रिल
ह्यांना सांगावंच लागलं. जाळं विणता विणता हसले. “देवाचा पॅन कार्ड खंयसून काढतलंस गो?” चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी एक उपयोगी सूचना केलेली आठवत नाही.
देवळात गेले. गंगाराम गुरवाने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं: “बा देवा म्हाराजा, ह्या बायन तुझ्या नावान जा काय खाता उघडल्यान, त्याची चावी हरावल्यान हा. ती गावांदे रे म्हाराजा.” ओसरीवर बसलेले सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. म्हणजे आता सगळ्या वाडीला कळलं.
कौल उजवा पडला. चिंता मिटली.

गुरुवार, ३० एप्रिल
मिटली नाही. उजवा कौल झालाय असं आरोहीला सांगितलं. ती म्हणाली, वरिष्ठांना विचारते.
जेवण गेलं नाही. नर्मदा फरशी बघायला बोलावत होती. गेले नाही.

शुक्रवार, १ मे
सकाळपासून उपास. पडद्यासमोर उदबत्ती. सगळं दिसतंय, शिक्षकांची नावं, बसचा नंबर, जेवणात काय हवं तेही. हात लावता येत नाही. वरिष्ठांचा फोन नाही, सुट्टी आहे म्हणे.
संध्याकाळी मागणी पडद्यावरून गेली. देवा, माझं काय चुकलं? मी तर सगळं तुलाच दिलं होतं.

शनिवार, २ मे
विनीता आली. मी रडून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वयनी, मियां बुधवारीच त्या शिक्षकांका फोन केलंय. त्यांचो नंबर थंयच पडद्यार लिवलेलो होतो.”
बस येतेय. सहाही घरांची वाटणी तिने फोनवरच करून टाकली.
म्हणजे बघण्याचा अधिकार तिला मी दिला, म्हणून हे जमलं. हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

शनिवार, ९ मे
बस आली. पाच घरं भरली, नर्मदाची फरशी सगळ्यांनी वाखाणली. माझ्या वाट्याला बसचा ड्रायव्हर. खोली धूप घालून तयार ठेवली होती. तो म्हणाला, मावशी, मी बसमध्येच झोपतो, सामान सांभाळायला लागतं. आणि विनीताकडे जेवायला गेला.