अण्णांच्या सँडल

३ मार्च
अण्णांच्या रबरी स्लिपर आज मी कचऱ्यात टाकल्या. टाचेखाली झिजून कागद झाला होता. टाचा दुखतात, भिंत धरून चालतात, वर बारा वर्षांची शुगर — पण स्लिपर सोडवत नव्हत्या. "विचारायचं तरी," म्हणाले. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. तरीही विचारायला हवं होतं.

४ मार्च
दुकानदार म्हणाला, माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतात. उभं करून कागदावर पावलं रेखली. अण्णा हसले. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस! "चाळीस वर्षं लोकांना सरळ उभे राहा म्हणालो. आज माझी पाळी."

५ मार्च
चार दुकानं पालथी घातली. शेवटी सँडल मिळाल्या — मागे पट्टा, टाचेला खोलगट बैठक, तळव्याला मधोमध उठाव. स्लिपरसारखं बोटांनी धरून ठेवायला नको. पट्टा घासू नये म्हणून पातळ मोजेही घेतले. धाकटा भाऊ फोनवर — "ताई, चपला घेतेयस की स्थळ बघतेयस?"
आज फक्त अर्धा तास घातल्या. "टोचतंय का?" "नाही."

६ मार्च
एक तास. "नाही."

९ मार्च
अण्णा बागेपर्यंत जाऊन आले, भिंतीला हात न लावता. मी येता-जाता विचारते. "अगं, किती विचारशील? मस्त आहेत." कॉलेजात दिवसभर हलकं वाटत होतं. हे समाधान त्यांच्या पायांचं की माझ्या निवडीचं, सांगता येणार नाही.

१३ मार्च
उजवा मोजा ओला दिसला. काढला. अंगठ्याच्या कडेला, पुढच्या पट्ट्याखाली, फोड फुटून जखम झालेली. कडा काळ्या.
डॉक्टर म्हणाले, "शुगरमध्ये नसा बधिर होतात. त्यांना कळलंच नसणार." चार दिवस बघू. आत मुरलं तर अंगठा काढावा लागेल.
आठ दिवस विचारत राहिले. मोजा काढून एकदाही पाहिलं नाही.

१५ मार्च
रजा घेतली. ड्रेसिंगच्या वेळी अण्णा भिंतीकडे तोंड करून बसतात. मलाच समजावतात — "तुझा काय दोष? मलाच कळलं नाही." त्यांना कळलं नाही, मग मला कसं कळणार? या एका वाक्याला धरून दोन दिवस काढलेत.

१७ मार्च
नर्सने अण्णांना डोळे मिटायला लावले आणि तळव्यांवर दहा ठिकाणी नायलॉनचा बारीक धागा टेकवला. जाणवलं की 'हो' म्हणायचं. दहाही वेळा 'हो' आलं. अंगठ्यापाशी तर धागा टेकताक्षणीच. "नसा शाबूत आहेत, आजोबा," ती खुशीत म्हणाली. "जखमेचा काळेपणाही गेलाय, लाल होऊन भरतेय. अंगठा वाचला तुमचा."
म्हणजे दुखत होतं. पहिल्या अर्ध्या तासापासून.
मी अण्णांकडे पाहिलं. तपासणी संपली होती, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.