आधी भीती की आधी गांजा

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पौडच्या बाजारातल्या आपल्या शिलाईच्या दुकानातली ती दुपार मला अजून घाबरवते. मी सोळा वर्षांचा. दहावीत नापास झाल्यापासून मन कशातच लागत नव्हतं. ओढ्यापलीकडे पोरांबरोबर चिलीम ओढली, वर हातभट्टीची घेतली, की तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. पुढे ते हलकं वाटणंही आटलं आणि उरली ती नुसती धास्ती. त्या दुपारी तुम्ही कापड बेतताय, मी काजं करतोय, आणि रस्त्यावरची माणसं माझंच नाव घेतायत. मी तुमचा हात धरला. "अब्बा, ते मला मारायला आलेत." तुम्ही उठून बाहेर पाहिलंत. "कोन बी न्हाई रं. एक म्हातारी बसलीया भाजी घिऊन." मला तीसुद्धा त्यांच्यातलीच वाटली. मी मशीनखाली शिरलो.

अर्धवट कापलेलं कापड तसंच टाकून तुम्ही दुकान बंद केलंत. पुण्यापर्यंत एस.टी.त माझं मनगट धरून बसला होतात. डॉक्टरांनी विचारलं, "दारू? गांजा?" तुम्ही ताडकन म्हणालात, "न्हाई सायेब, आमच्या घरात कुनी शिवत न्हाई." मी म्हणालो, "घेतो. दोन्ही." तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मनगट मात्र सोडलं नाहीत. डॉक्टरांनी मला विचारलं, "उदास होतास म्हणून घ्यायला लागलास, की घ्यायला लागल्यावर हे सुरू झालं?" मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. एकानं दुसरं वाढतं, डॉक्टर म्हणाले, आधी हे बंद कर.

घरी आल्यावर मी माराची वाट पाहत बसलो. तुम्ही म्हणालात, "मारलंच असतं तुला. पन आदीच किती भ्यालायस तू." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत. ओढ्याकडची पोरं बोलवायला आली की तुम्हीच पुढे व्हायचात. धास्ती गेली, पण रेंगाळत. अख्खा पावसाळा सरला, तेव्हा कुठे मी एकटा स्टँडपर्यंत जाऊ शकलो.

आता माझा नातू त्याच वयाचा आहे. खोलीत कोंडून घेतो, जेवत नाही, म्हणतो सगळे मला हसतात. त्याच्या आईला वाटतं, अभ्यासाचा ताण असेल. मला काय वाटतं ते मी तिला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. आत्ता त्याच्या खोलीपर्यंत जाऊन परत आलो, म्हणून लिहायला बसलो. विचारायला जीभ उचलत नाही, अब्बा. तो "हो" म्हणेल, याची भीती वाटते.