आईची ऐंशी वर्षं आणि यादीतलं तुझं नाव

ती. सौ. क्रेसेन्सताईस, धाकट्या लोईसचा नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (नऊ वर्षांत तू कळवलेलं नाहीस, म्हणून धरून चालावं लागतं.) मी बरा आहे, म्हणजे रेडिओवर बोलण्याइतपत.

आपल्या खोऱ्यातला रविवार दुपारचा शुभेच्छांचा कार्यक्रम अजून माझ्याच गळ्यात आहे. सत्तरी ओलांडलेल्यांची नावं, मागे बँडबाजा, आणि शेवटी शुभेच्छा देणाऱ्यांची, म्हणजे मुलं, जावई, नातवंडं अशी यादी. आख्खं खोरं कान देऊन मोजत असतं, कोण गळलं. मागे एक जावई माझ्याकडून राहिला, तर त्या घराने दोन वर्षं मला चीज विकलं नाही. गेल्या रविवारी आईची ऐंशी पूर्ण झाली. शुभेच्छांच्या कार्डावर नाव एकट्या माझं. माइक चालू, बँड वाजतोय, आणि माझी जीभ घसरली. "प्रिय आईस, थोरली लेक क्रेसेन्स, जावई हेनिंग आणि सगळी नातवंडं" असं मी खणखणीत वाचलं. ("सगळी" अशासाठी, की किती ते मला ठाऊक नाही. लाज वाटली.)

घरी आलो तर शेजारची फिलोमेना आईला मिठी मारून रडत होती. "अगं बाई, पोरीनं राग सोडला गं!" आईनं पावाचे गोळे वळायला घेतले, तेही वीस जणांना पुरतील एवढे. बाबांच्या आजारपणाचं तिनं तुला कळवलं नाही आणि तू पोचलीस ती माती लोटल्यावर, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या जागी मीही आलो नसतो.

तुझा,
लोईस

ता. क. येत्या रविवारी या. नातवंडं किती, तेवढं आधी कळव, ताटं मांडायची आहेत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आई आली. म्हणाली, "गाढवा, ते नाव तूच घुसडलंस. क्रेसेन्स मला कधी 'प्रिय' म्हणाली होती का? असू दे. पण शुभेच्छांनंतर तू निधनाच्या सूचना वाचतोस ना, त्यात माझी येईल तेव्हा तिला न विचारता नाव घालायचं नाही. आधी तिला कळवायचं. मी कळवलं नव्हतं, ते चुकलं माझं."